चारशे सव्वीस मीटरची थाप

१

सोमवारी सकाळी साडेनऊला फौजदारबाईंनी कपाट उघडलं, तर तीस नंबरच्या फाइलनंतर एकदम बत्तीस.

एकतीस गायब.

त्यांनी सगळ्या फायली खाली उतरवल्या, जमिनीवर मांडल्या आणि बोट ठेवून मोजल्या. बेचाळीस हव्या होत्या, एकेचाळीस भरल्या. कुलूप शाबूत होतं आणि किल्ली त्यांच्याच कमरेला होती.

होत्या त्या नर्सच. फौजदार ही पदवी वॉर्डानं दिलेली, आणि ती काही उगाच नव्हे. गेलं वर्षभर हॉस्पिटलात धाप लागणाऱ्या पेशंटांवर नव्या गोळीचा अभ्यास चालू होता. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाच्या वाट्याला कुठली ते एका सीलबंद पाकिटात. पेशंट सहा मिनिटांत किती चालतो, यावरून गोळीचा गुण ठरायचा. पुढच्या कॉरिडॉरमध्ये तीस मीटरचा पट्टा आखलेला आणि दर तीन मीटरवर पिवळी पट्टी चिकटवलेली. बाई स्टॉपवॉच घेऊन मागे, पेशंट पुढे. वेळ संपली की पेशंटनं ओलांडलेली शेवटची पट्टी धरायची आणि आकडा लिहायचा. "एक पाऊल पुढं होतो की हो!" असं कुणी म्हणालं, की बाईंचं उत्तर ठरलेलं. "पट्टी ओलांडलीत? नाही ना? मग विषय संपला."

एकतीस नंबर म्हणजे घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. सही केली की शेजारी वेळ लिहायचाच, तीही मनगटावरच्या घड्याळाची. "तुमचं भिंतीवरचं चार मिनिटं मागे आहे बाई. त्याच्यावर माणसं मोजता, कमाल आहे!" असं दर खेपेला सुनवायचा. पहिल्या खेपेला तो ३७८ मीटर चालला. मग ३४२. मग २९७. चौथ्या खेपेला मध्येच भिंतीला टेकला, ओठ निळे पडले आणि खालीच बसला. बाईंनी तेव्हाच वर जाऊन अभ्यास चालवणाऱ्या मोठ्या सरांना सांगितलं होतं. सर म्हणाले, "वय झालंय हो. बघू." नवव्या दिवशी घड्याळजी घरीच वारला. मुलीनं ते शनिवारी येऊन सांगितलं, लिहूनही दिलं. तो कागद बाईंनी स्वतःच्या हातानं फाइलला लावला.

आज चार वाजता बाहेरून समिती येणार होती. तिनं ती फाइल वाचली असती, तर गोळ्या तिथल्या तिथे थांबल्या असत्या. नाही वाचली, तर अजून अभ्यासात असलेल्या अकरा जणांना आज संध्याकाळीच पुढच्या तीन महिन्यांच्या बाटल्या मिळणार होत्या. त्या बाटल्या भरून, नावं घालून ट्रेमध्ये तयार होत्या.

बाईंनी कपाट लावलं आणि जिना चढायला लागल्या.

२

मोठ्या सरांनी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि खणातून एक छापील कागद काढला.

"सिस्टर, माणसाकडून चूक होते. मी वाढवत नाही. इथं सही करा."

कागदावर लिहिलं होतं: एकतीस क्रमांकाची फाइल माझ्या हातून चुकीच्या जागी ठेवली गेली. त्यातील सर्व नोंदी माझ्याच हातच्या असून खऱ्या आहेत. झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे.

"मी कुठं चुकीच्या जागी ठेवली? ती चोरीला गेलीय."

"चोरीबिरी मोठे शब्द झाले. तुमच्या निवृत्तीला किती राहिले? अकरा महिने ना? कशाला शेवटी शेवटी डाग लावून घेता?" सर खुर्चीत मागे रेलले. "आणि एका माणसाचं काय घेऊन बसलात! बाकीचे सुधारलेत ना? चारशे, सव्वाचारशे, साडेचारशे... जे काय चालत असतील ते. मी कुठं तुमचा कॉरिडॉर बघायला आलोय?"

"तेच तर दुखणं आहे, सर."

"सिस्टर!"

"वाचून देते," म्हणत बाईंनी कागदाची घडी घातली आणि ॲप्रनच्या खिशात सारली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण आवाज चढू दिला नाही. बाहेर पडताना त्यांनी दारामागच्या खिळ्याकडे पाहिलं. कपाटाची दुसरी किल्ली तिथं लटकत होती, नेहमीसारखी. येणाऱ्याजाणाऱ्या कुणाच्याही हाताला लागेल अशी.

खाली येऊन त्यांनी गेटवरची वही उघडली. रविवारी समितीच्या तयारीसाठी चौघं आत आले होते. मोठे सर, कंपनीचा माणूस, आकडेमास्तर आणि वॉर्डमामा. या चौघांतलाच एक.

३

कंपनीचा माणूस म्हणजे टायवाला. उकाड्यातही गळ्याला टाय आणि तोंडाला साखर. चहाच्या मशीनपाशी सापडला.

"फाइल हरवली? अरेरे! पण बाई, तुमच्या कामाचं कंपनीत फार कौतुक आहे हं. एकेक मीटर मोजून लिहिता! आमच्या दुसऱ्या हॉस्पिटलांत नुसती गोळाबेरीज असते."

"एकेक मीटर?"

"म्हणजे काय! तीनशे सत्त्याऐंशी काय, चारशे सतरा काय. अगदी मीटरपर्यंत अचूक."

बाईंनी मनात नोंद केली. हा माणूस वर्षभर येतोय आणि कॉरिडॉरमधल्या पट्ट्या ह्याला दिसलेल्या नाहीत.

आकडेमास्तर वरच्या मजल्यावर, कॉम्प्युटरच्या मागे. सगळ्या फायलींतले आकडे शेवटी त्यांच्याकडे जायचे. गरीब स्वभावाचा माणूस; दोन मुलांची शिक्षणं आणि नोकरी वर्षावर्षाच्या करारावर. बाईंना बघताच त्यांनी शेजारची खुर्ची पुसली.

"रविवारी तुम्ही कपाटाकडे गेला होतात?"

"मी? छे हो. मी तर इथंच. हे तक्ते करत होतो." नेहमी बाईंना बघून ते चिडवायचे, आले आमचे तीनच्या पाढ्यातले आकडे म्हणून. आज चिडवलं नाही. पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

वॉर्डमामा बाईंबरोबर अठरा वर्षं होते. घड्याळजी खाली बसला तेव्हा खुर्ची घेऊन धावले होते ते हेच. फाइलचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "कपाटाला मी कशाला हात लावीन बाई? पण थांबा, चादरींच्या खोलीपासून सगळं उलथंपालथं करतो."

मग घरून फोन आला. सरांनी चक्क बाईंच्या नवऱ्यालाच फोन लावला होता.

"अगं, सही करून टाक ना," नवरा म्हणाला. "अकरा महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"अकरा माणसांचाही आहे."

"तू ना... डबा खाल्लास का?"

"नाही."

"खा आधी. उपाशीपोटी भांडू नकोस." बाईंना त्यातसुद्धा हसू आलं.

शेवटचा फोन त्यांनी स्वतः लावला, घड्याळजीच्या मुलीला.

"चौथ्या खेपेला बाबांना न्यायला मी आले होते," मुलगी म्हणाली. "घरी येऊन बघते तर बाहीला हा एवढा हिरवा रंग. किती घासला, निघाला नाही. शर्ट तसाच ठेवलाय. टाकवत नाही हो."

"हिरवा रंग?"

"भिंतीचा असेल. का हो, बाई? बाबा गोळीनं गेले का? तेवढं एक सांगा. वहिनी म्हणते मीच त्यांना तिकडे न्यायला नको होतं."

बाई म्हणाल्या, "चार वाजता इकडे ये. शर्ट घेऊन ये. आणि मी दर खेपेला त्यांना किती चालले त्याची चिठ्ठी द्यायचे, ती कुठं मिळते का बघ."

एवढ्यात मामांची हाक आली. "बाई! सापडली!"

४

फाइल चादरींच्या गठ्ठ्यात होती. तोच जाड पुठ्ठा, तोच नंबर. आत मात्र मुलीनं लिहून दिलेला कागद नव्हता. त्या जागी एक नवाच कागद: "बरे वाटत असल्याने स्वखुशीने अभ्यासातून बाहेर पडत आहे." खाली घड्याळजीची सही. आणि चालण्याचा तक्ता असा:

३७८. ३९३. ४११. ४२६.

म्हणजे घड्याळजी दर खेपेला जास्तच चालला होता! आकडे हुबेहूब बाईंच्या वळणाचे. क्षणभर त्यांचाच स्वतःवरचा विश्वास डळमळला. वयोमानानं आपणच तर काही...? मग त्यांचं लक्ष सहीकडे गेलं. शेजारी वेळ नव्हती.

"घड्याळजी आणि वेळ न लिहिता सही? मेल्यावरच करील," त्या पुटपुटल्या. मग आपण काय बोललो ते कळून त्यांनी जीभ चावली.

तक्ता खोटा होता. कुणी केला? बाईंनी आकडे एकेक करून तीननं भागले. ३९३, गेला. ४११, गेला. ४२६, तोही गेला. बाहेरच्यानं थाप मारली असती तर त्यानं ३९५ लिहिलं असतं, ४१० लिहिलं असतं. आकडे पट्टीपट्टीनं वाढतात हे ज्याला पक्कं ठाऊक, त्याचंच हे काम. टायवाल्याला ते ठाऊक नव्हतं. कॉरिडॉरला पाय न लावलेल्या सरांनाही नव्हतं.

उरले दोघं. एक मास्तर. आणि दुसरे, आत्ता समोर उभे असलेले, नेमकी फाइल शोधून काढणारे मामा.

५

"असं काय बघताय बाई?" मामांनी विचारलं.

"मामा, घड्याळजीच्या बाहीला हिरवा रंग लागला होता. आठवतं?"

"न आठवायला काय झालं? त्या मंगळवारी पुढच्या कॉरिडॉरच्या भिंती रंगवायला काढल्या होत्या. बाकीच्यांना पुढची तारीख दिली. घड्याळजी बिचारा दोन गाड्या बदलून आलेला, त्याला परत कसं पाठवायचं? आत येताना ओल्या भिंतीला टेकला. मग तुम्हीच नाही का म्हणालात, मामा, मागच्या बोळात पट्ट्या मारा?"

बाईंनी डोळे मिटले. सगळं समोर उभं राहिलं. मागचा बोळ अरुंद, वीस मीटरचा. पट्टीचं रीळ संपत आलेलं. म्हणून मामांनी दर चार मीटरवर एकेक पट्टी मारली होती, आणि पुरवून पुरवून मारली म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

"चार मीटरवर," त्या म्हणाल्या.

"चारच. एक इंच इकडेतिकडे नाही. का हो?"

"काही नाही. मामा, तुम्हाला मिठी मारावीशी वाटतेय, पण लोक बघतायत."

त्यांनी खोटा तक्ता पुन्हा पाहिला आणि तडक देखभाल विभागात गेल्या. रंगकामाच्या वहीतली त्या मंगळवारची दोन पानं मागून घेतली. मग टेबलाशी बसून पूर्ण डबा खाल्ला. चारला दहा कमी होते.

६

समितीत तिघं होते. अध्यक्षीण एक वयस्कर डॉक्टरीणबाई, ऐकण्यापेक्षा बघण्यावर भर असलेल्या. टेबलाच्या एका बाजूला सर, टायवाला आणि आकडेमास्तर. सरांनी अभ्यास पुढे चालू ठेवायचा प्रस्ताव मांडला, फाइल पुढे सरकवली. "आमच्या सिस्टरांकडून जरा इकडेतिकडे झाली होती. सापडली. सिस्टर, ते पत्र द्या."

"देते. पण सही केलेली नाही आणि करणारही नाही," बाई उभ्या राहिल्या. "या फाइलमधला चौथा आकडा, चारशे सव्वीस, कुठल्याच माणसाला चालता आला नसता."

"म्हणजे?" अध्यक्षीणबाईंनी चष्मा वर केला.

"त्या दिवशी पुढचा कॉरिडॉर बंद होता. ही रंगकामाच्या वहीची पानं. चालणं झालं मागच्या बोळात. तिथं पट्ट्या चार मीटरवर होत्या. तिथला आकडा चारनं भागलाच पाहिजे. चारशे सव्वीस भागून बघा."

एका सदस्यानं खरंच कागदावर भागून पाहिलं. टायवाल्यानं टाय सैल केला.

"बोळाचं तुमच्या फाइलमध्ये लिहिलंय?" सरांनी विचारलं.

"नाही. लिहायचा नियम आहे. पेशंट कोसळला त्या धांदलीत माझं राहून गेलं. ती चूक माझी, लिहून घ्या. पण त्याच चुकीमुळे थाप उघडी पडली. ज्यानं तक्ता बनवला त्याला माझे आकडे तीननं भागले जातात हे माहीत होतं, बोळाचं माहीत नव्हतं. मामांनी तर पट्ट्या स्वतः मारल्या होत्या. माझे आकडे रोज बघणारा आणि त्या दिवशी खाली न उतरलेला माणूस एकच." त्या वळल्या. "मास्तर."

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. खुर्चीखालच्या पिशवीतून त्यांनी एक तक्ता काढला, चुरगळलेला, आणि त्याला टाचलेला मुलीचा कागद.

"फाडवला नाही मला," ते म्हणाले. "चौथ्या खेपेचा १६४ बघून वाटलं, घाईत बाईंचा आकडा चुकला असेल. तेवढाच एक तीननं जात नव्हता. माझं करारपत्र या महिन्यात संपतंय. अभ्यास थांबला तर..."

"पाहिलंत?" सर ताडकन उठले. "एका कारकुनाचा हा उद्योग! मला यातलं काही—"

"बसा सर," बाई म्हणाल्या. आवाज अजूनही चढला नव्हता, पण वॉर्डातले पेशंट ज्या आवाजाला सरळ उभे राहायचे तोच हा. "सगळं मास्तरांच्या अंगावर ढकलून हात झटकू देणार नाही मी. फाइल गेल्याचं मला कळलं साडेनऊला. तुम्हाला त्यानंतर. मग हे तुमचं पत्र. खाली बघा, छापल्याची वेळ आपोआप उमटलीय. आठ पन्नास. कपाट उघडायच्या आधी चाळीस मिनिटं तुम्हाला कसं कळलं, की फाइल चुकीच्या जागी आहे आणि नोंदी खऱ्या आहेत?"

पत्र अध्यक्षीणबाईंच्या हातात गेलं.

"शनिवारी रात्री सरांचा फोन आला," मास्तर खाली मान घालून म्हणाले. "म्हणाले, एकतीस नंबर आडवा आलाय, तुम्ही हुशार आहात. रविवारी किल्ली त्यांनीच टेबलावर ठेवली आणि बाहेर गेले."

दार ढकलून मुलगी आत आली. हातात हिरव्या डागाचा शर्ट आणि घड्याळाची एक छोटी डबी. डबीच्या झाकणात घडी घालून ठेवलेली चिठ्ठी होती. ३७८, ३४२, २९७, १६४. शेवटच्या आकड्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं: मागचा बोळ, ११:०७. भिंतीवर ११:०३, अजून दुरुस्त केलं नाही.

अध्यक्षीणबाईंनी ती दोनदा वाचली. मग सीलबंद पाकीट मागवलं आणि सर्वांसमक्ष फोडलं. यादीवरून त्यांचं बोट खाली सरकत एकतीसवर थांबलं.

"खरी गोळी," त्या म्हणाल्या. "आत्तापासून एकही गोळी कुणाच्या पोटात जाणार नाही. सगळ्यांना आजच बोलावून तपासा."

मुलगी मटकन खाली बसली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझ्यामुळे नाही गेले बाळ ते. गोळीनंच गेले हे शपथेवर सांगायला अजून तपास लागेल. पण ते खचत होते, मी ते लिहिलं होतं, आणि ते दडवलं गेलं. वहिनीला हे सांग. नाही पटलं तर मला फोन लावून दे."

७

सर जाताना दारात थांबले. "हे महागात पडेल सिस्टर. अकरा महिने काढायचेत इथं."

"काढीन की," बाई म्हणाल्या. "तुम्ही किती काढता ते बघा."

त्यांनी अकराच्या अकरा जणांना स्वतः फोन केले. गोळी घेऊ नका, उरलेल्या परत आणा, आजच या. शेवटचा फोन झाला तेव्हा मामा बाटल्यांचा ट्रे कपाटात ठेवून कुलूप लावत होते.

"मामा, ते स्टूल धरा जरा."

"आता काय काढलंत?"

बाई स्टुलावर चढल्या. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, पदरानं धूळ पुसली आणि काटा चार मिनिटं पुढे सरकवला. मग ते परत खिळ्याला अडकवलं. खाली उतरून एकतीस नंबरची फाइल उघडली, खरा तक्ता लावला, चौथ्या आकड्यापुढे मागच्या बोळाची राहिलेली नोंद आजची तारीख घालून केली, आणि सही केली. सहीशेजारी वेळ लिहिली. सहा वाजून बारा मिनिटं.

"चला," त्या म्हणाल्या. "पहिला पेशंट गेटवर आला असेल."